निजामशहाचा वैद्य, मिसिसिपीचे पेटंट आणि हळदीची साक्ष

२८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५४०१५०४ क्रमांकाचे पेटंट मंजूर केले. ते मिळाले मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला. 'शोध' असा होता: जखम झालेल्या माणसाला हळदीची पूड पोटातून द्यावी किंवा जखमेवर लावावी, म्हणजे जखम भरून येते. संशोधक दोघे, आणि दोघेही भारतीय वंशाचे.

विळीवर बोट कापले की डब्यातली चिमूटभर हळद दाबून धरणाऱ्या कोणत्याही मराठी घराला ही बातमी विनोदी वाटावी. पण कायद्याच्या दृष्टीने त्यात विनोद नव्हता. त्या काळच्या अमेरिकी पेटंट कायद्यात एक भेद होता. एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांना आधीपासून ठाऊक असेल किंवा वापरात असेल, तर तिला पेटंट मिळत नसे. तीच गोष्ट परदेशात पिढ्यान्‌पिढ्या वापरात असली, तरी तो वापर जमेस धरला जात नसे. परदेशातील ज्ञान मोजायचे तर ते छापील प्रकाशनात वर्णिलेले असणे आवश्यक होते. म्हणजे आजीची साक्ष बाद आणि पुस्तकाची साक्ष ग्राह्य.

मग हळदीविषयी कोणी, केव्हा आणि नेमके काय लिहून ठेवले होते? या धाग्यात त्याच कागदांचा माग आहे. त्यातला एक अनपेक्षित दुवा आजच्या अहिल्यानगरात, म्हणजे निजामशाहीच्या अहमदनगरात जाऊन पोहोचतो.

तसे पाहिले तर हळदीचे नाव निघताच नगर आठवत नाही, सांगली आठवते. नगर जिल्ह्याची हळद म्हणजे पारनेर तालुक्यातल्या पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबावर उधळला जाणारा भंडारा, एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. पण सोळाव्या शतकात दख्खनच्या औषधी ज्ञानाची ज्या मोजक्या ठिकाणी देवाणघेवाण चालत होती, त्यांत निजामशहाचा दरबार होता. बुऱ्हाण निजामशहाचा (मृत्यू १५५३) काळ आपल्याला शाह ताहिर, शिया पंथाचा स्वीकार आणि विजापूरशी चाललेल्या लढाया यांसाठी ठाऊक असतो. याच दरबारात इराणातून आलेल्या रुस्तम जुर्जानी या हकिमाने 'जखीरा-ए-निजामशाही' हा वैद्यकावरील फारसी ग्रंथ रचला. आणि याच बुऱ्हाणशहावर उपचार करण्यासाठी गोव्याहून एक पोर्तुगीज वैद्य येत असे. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

ओर्ता १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सौझाच्या ताफ्याबरोबर गोव्यात उतरला. सालामांका आणि आल्काला येथे शिकलेला, मुळात ज्यू घराण्यातला, बाहेरून ख्रिस्ती झालेला हा माणूस पोर्तुगीज सत्ताधाऱ्यांचा वैद्य होता, मसाल्यांचा आणि रत्नांचा व्यापारही करी. मुंबई बेट काही वर्षे त्याच्याकडे इजाऱ्याने होते. आपण ज्याला महानगर म्हणतो, त्यावर एका औषधी-व्यापाऱ्याचा ताबा होता, हे मुंबईच्या इतिहासाचे वाचकही अनेकदा विसरतात.

बुऱ्हाणशहाशी त्याचे नाते रुग्ण-वैद्यापलीकडचे दिसते. आपण शहाला रोगांची आणि औषधांची लॅटिन नावे शिकवली आणि शहाने आपल्याला अरबी नावे शिकवली, असे ओर्ता आवर्जून नमूद करतो. नगरच्या दरबारात सुलतान आणि परका वैद्य समोरासमोर बसून एकमेकांना औषधांची नावे घोकून घेत आहेत, या प्रसंगाला इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात जागा मिळालेली नाही. मिळायला हवी होती. औषधाचा इतिहास पुष्कळदा नावांच्या घोळातच अडकलेला असतो. एकच मुळी चार भाषांत चार नावांनी विकली जाते आणि ग्रंथात भलत्याच वनस्पतीच्या खात्यावर तिचे गुण जमा होतात.

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात ओर्ताचा ग्रंथ छापून झाला: 'भारतातील वनस्पती आणि औषधी द्रव्यांविषयी संवाद'. ओर्ता आणि रुआनो नावाचा काल्पनिक स्पॅनिश विद्वान यांच्यातील गप्पांच्या रूपात तो लिहिला आहे. रुआनो ग्रीक आणि अरबी ग्रंथांचे दाखले देतो, ओर्ता बाजारातली आणि बागेतली वस्तू त्याच्यापुढे ठेवतो. मध्येच मालुपा नावाचा हिंदू वैद्यही येतो. छापखाना नुकताच आलेला, त्यामुळे मुद्रणदोष भरपूर. पण भारतीय औषधी द्रव्यांविषयी भारतातच बसून लिहिलेला आणि भारतातच छापलेला हा पहिला युरोपीय ग्रंथ.

त्यातल्या अठराव्या संवादात हळद येते. ओर्ता तिला 'देशी केशर' म्हणतो. युरोपात पिवळा रंग म्हणजे केशर, म्हणून हे इथले स्वस्त केशर. (गंमत अशी की लॅटिनमधला 'कुर्कुमा' हा शब्दही अरबी 'कुर्कुम'वरून आला, आणि त्याचाही मूळ अर्थ केशरच. १७५३ मध्ये लिनियसने हळदीला 'कुर्कुमा लाँगा' हे शास्त्रीय नाव दिले, तेव्हा ही जुनी तुलना कायमची नोंदली गेली.) ओर्ता हळदीची वेगवेगळ्या भाषांतील नावे देतो, ती रंगासाठी आणि स्वयंपाकासाठी वापरली जाते, अरबस्तान आणि इराणकडे तिची निर्यात होते, हे सांगतो. शिवाय येथील लोक डोळ्यांच्या विकारांवर आणि खाजेवर ती वापरतात, अशी नोंद करतो.

१५६७ मध्ये कार्लुस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पमध्ये प्रसिद्ध केला आणि ओर्ताची माहिती सगळ्या युरोपातील विद्वानांपर्यंत गेली. ओर्ता स्वतः १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून जाळले. १५८० मध्ये ओर्ताची हाडे उकरून काढून तीही जाळण्यात आली. पुस्तक तेवढे वाचले, कारण तोवर ते परदेशात पुन्हा छापले गेले होते.

आता पेटंटच्या प्रश्नाकडे परत येऊ. चारशे वर्षांपूर्वीचे छापील पुस्तक सापडले म्हणजे भारताचा खटला जिंकला, असे वाटेल. पण येथेच सावध व्हायला हवे. पेटंट जखमेसाठी होते. ओर्ता खाज आणि डोळे यांविषयी बोलतो. खाज म्हणजे जखम नव्हे. 'हळद औषधी आहे हे सर्वांना माहीत होते' हे वाक्य पेटंट कार्यालयात टिकत नाही. कोणता रोग, कोणते द्रव्य, कोणत्या मार्गाने, हे जुळावे लागते. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणाऱ्यांचे तेथे काही चालत नाही.

संस्कृत ग्रंथांत अशी सामग्री अर्थातच विपुल होती. चरकसंहितेत हरिद्रेचा समावेश कुष्ठघ्न आणि विषघ्न द्रव्यांत आहे, सुश्रुतसंहितेत तर तिच्या नावाचा स्वतंत्र गणच आहे. ओर्ताच्याच शतकात भावमिश्राने 'भावप्रकाश' रचला. निघंटूंमधली हळदीची नावे वाचण्यासारखी आहेत: निशा, रजनी ही रात्रीची नावे, कांचनी आणि वरवर्णिनी ही रंगाची, कृमिघ्ना हे गुणाचे, आणि हट्टविलासिनी, म्हणजे बाजारात मिरवणारी. आजच्या औषधांच्या दुकानातली हळदीच्या गोळ्यांची मांडणी पाहिली तर या शेवटच्या नावाचे विशेष कौतुक वाटते.

या ग्रंथांना आधुनिक संस्थेची आणि छापखान्याची जोड देण्याच्या प्रयत्नांत नगर पुन्हा एकदा पुढे येते. १९१२ च्या मुंबई वैद्यक नोंदणी कायद्याने पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदवीधरांना सरकारी मान्यता दिली आणि वैद्य त्या नोंदवहीबाहेर राहिले. अशा वातावरणात वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये अहमदनगरला आयुर्वेद महाविद्यालय सुरू केले. ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या जोडीने औषधनिर्मितीसाठी 'आयुर्वेदाश्रम फार्मसी' आणि विचारांसाठी 'भिषग्विलास' हे मासिक. शास्त्रीबुवांचा 'आयुर्वेदीय औषधिगुणधर्मशास्त्र' हा मराठी ग्रंथ वैद्यांच्या कपाटात अजून असतो. मुंबई इलाख्यात वैद्यांच्या नोंदणीची सोय करणारा कायदा यायला १९३८ साल उजाडले.

गुणेशास्त्रींच्या पिढीने जे घडवले त्याचे महत्त्व दुहेरी आहे. पाठशाळेतले ज्ञान त्यांनी मराठीत छापले. त्याच वेळी वैद्याने रोगी पाहून हाताने बनवलेले औषध कारखान्यात तयार होऊन, लेबल लावून, अनोळखी गिऱ्हाइकाकडे जाऊ लागले. आयुर्वेदात हळद एकटी क्वचितच येते. शीतपित्तावर दिला जाणारा हरिद्राखंड घ्या. त्यात हळदीबरोबर दूध, तूप, साखर, सुंठ, मिरी, पिंपळी आणि आणखी बरेच काही असते. वैद्य प्रकृती, अग्नी आणि ऋतू पाहून तो देतो. बाटली रोग्याची नाडी पाहू शकत नाही. ही अडचण नव्या पूरक गोळ्यांनी निर्माण केलेली नाही, ती शंभर वर्षे जुनी आहे.

१९९६ मध्ये ही सगळी परंपरा कामाला लागली. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेलला जन्मलेला आणि मुंबईत शिकलेला हा शास्त्रज्ञ या लढ्याचा चेहरा ठरला. ऑक्टोबर १९९६ मध्ये परिषदेने पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली आणि ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदीतील जुने मजकूर होते. त्यांच्या बरोबरीने भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. भावनेचा प्रश्न नव्हताच. लागत होती ती तारीख, पान आणि प्रमाणित भाषांतर. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने सर्व दावे फेटाळले. 'यात नवे काही नाही' हा निष्कर्ष. भारतात ही दुसरी हळदीघाटी म्हणून गाजली.

एका विकसनशील देशाच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारावर अमेरिकी पेटंट असे रद्द झाल्याने पुढची वाट मोकळी झाली. पण प्रत्येक मुळीसाठी अशी लढाई देणे परवडणारे नव्हते. म्हणून २००१ पासून 'पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालय' उभे राहू लागले. संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू आणि तमिळ ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत आणून पेटंट तपासनिसांना उपलब्ध करून देणे हे त्याचे काम. युरोपीय पेटंट कार्यालयाला २००९ मध्ये ते खुले झाले. बुऱ्हाणशहा आणि ओर्ता यांनी नगरात तोंडी चालवलेला उद्योगच हा, फक्त सरकारी खर्चाने आणि संगणकावर. अमेरिकी कायद्यातला तो देशी-परदेशी भेद मात्र २०१३ पर्यंत टिकून राहिला.

येथवरची कथा अभिमानाची आहे आणि ती पुष्कळदा सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. १९९७ च्या निकालाने सिद्ध काय झाले? हळदीने जखम भरते हे भारतीयांना आधीपासून माहीत होते आणि तसे लिहिलेले होते, एवढेच. हळदीने जखम खरोखर किती भरते, हा प्रश्न त्या कार्यालयापुढे नव्हता. प्राचीनतेचा पुरावा आणि परिणामाचा पुरावा ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत. हळदीच्या पूरक गोळ्यांचा आजचा जगभरचा बाजार यांतले पहिले दाखवून दुसऱ्याचे पैसे घेतो.

गोळीत असते ते कुर्कुमिन. १८१५ मध्ये फोगेल आणि पेलेतिए या रसायनशास्त्रज्ञांनी हळदीतील पिवळे द्रव्य वेगळे केले. हाच पेलेतिए पाच वर्षांनी क्विनाइन वेगळे करणाऱ्या जोडीत होता. कुर्कुमिनची रचना कळायला १९१० साल लागले. औषधी बाजूचे महत्त्वाचे भारतीय काम १९७३ चे आहे: लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत श्रीमल आणि धवन यांनी कुर्कुमिनचा सूज कमी करणारा गुण प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवला. त्यानंतर हजारो शोधनिबंधांचा पूर आला आणि कर्करोगापासून विस्मरणापर्यंत सर्वांवर हळदीचे नाव घेतले जाऊ लागले.

अडचण अशी की कुर्कुमिन पोटातून रक्तात फारसे पोहोचतच नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी माणसांना दोन ग्रॅम कुर्कुमिन दिले, तेव्हा रक्तात ते जवळजवळ सापडलेच नाही. सोबत मिरीतील पायपरीन वीस मिलिग्रॅम दिल्यावर उपलब्धता वीस पटींनी, म्हणजे दोन हजार टक्क्यांनी वाढली. आज अनेक बाटल्यांवर दिसणारा 'काळ्या मिरीसह' हा शब्द येथून आला. हरिद्राखंडात मिरी आणि तूप दोन्ही आहेत, म्हणून 'पूर्वजांना हे ठाऊकच होते' असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्या योगात मिरी का घातली याची कारणे आयुर्वेदाने स्वतःच्या परिभाषेत दिलेली आहेत. त्यांना बंगळुरूच्या प्रयोगाची आगाऊ नक्कल ठरवणे हा दोघांवरही अन्याय आहे.

२०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका मान्यवर अमेरिकी नियतकालिकात कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांचा सविस्तर आढावा आला. कुर्कुमिन अस्थिर आहे, शरीरात नीट शोषले जात नाही आणि परीक्षानळीतील चाचण्यांना फसवून खोटे अनुकूल निकाल देते, असे त्यात साधार मांडले होते. शंभरावर वैद्यकीय चाचण्या होऊनही, दोन्ही बाजू अनभिज्ञ ठेवून केलेली एकही चाचणी निर्विवाद यशस्वी ठरलेली नाही, हा त्यांचा निष्कर्ष. गुडघ्याच्या संधिवातावरील काही लहान चाचण्यांत वेदना थोडी कमी झालेली दिसते. पण 'थोडी' हा शब्द जाहिरातीत बसत नाही. पी हळद अन् हो गोरी, ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्यानेच ही घाई पुन्हा विकत घ्यावी, हे जरा विचित्रच.

शिवाय मात्रेचा प्रश्न आहे. हळदीत वजनाच्या साधारण तीन टक्के कुर्कुमिन असते. तीन ग्रॅम हळद, म्हणजे भाजी-आमटीत दिवसभरात जाते त्याहून बहुधा जास्तच, घेतली तरी नव्वदेक मिलिग्रॅम. ९५ टक्के अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या पाचपट, वर शोषण वाढवणारी मिरी. तेव्हा 'आपण रोज खातोच की' हा युक्तिवाद गोळीला लागू पडत नाही. २०१९ च्या सुमारास इटलीत कुर्कुमिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत यकृतदाहाची प्रकरणे आढळली आणि तेथील सरकारने इशारा जारी केला. २०२२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी असेच रुग्ण नोंदवले. त्यांतील अनेकांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. असे रुग्ण थोडेच आहेत, आणि वरणातल्या हळदीने यकृत बिघडल्याचे यातून निघत नाही. पण पायपरीन इतर औषधांचेही शरीरातील प्रमाण बदलते. रक्त पातळ करण्याच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्याने हे डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

इकडे शेतातही मोजमाप बदलले. सांगलीच्या बाजारात हळकुंड पारखले जाई ते रंगावर, कडकपणावर आणि मोडताना होणाऱ्या आवाजावर. सांगलीजवळच्या हरिपूरच्या जमिनीखालील पेवांत वर्षानुवर्षे माल साठवला जाई. २००५ च्या महापुराने त्यांतील पुष्कळ पेवे निकामी केली. अर्क काढणारा खरेदीदार मात्र टक्केवारी विचारतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्र नगर जिल्ह्यात नसून सांगलीजवळ कसबे डिग्रजला आहे. 'फुले स्वरूपा' हा वाण तेथलाच, आणि वाणाची माहिती देताना उताऱ्याबरोबर कुर्कुमिनचाही आकडा द्यावा लागतो. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाच्या अर्जातही पुन्हा तेच: जुने दाखले, नकाशे, लेखी पुरावा.

भारतातील कायद्याने या गोळीची जागा ठरवली आहे, तीही वाचण्यासारखी आहे. तीच हळद आयुर्वेदीय औषध म्हणून विकायची तर १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो. आरोग्यपूरक अन्न म्हणून विकायची तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१६ चे नियम लागू होतात. त्या नियमांनुसार, बाटलीच्या दर्शनी भागावर हजारो वर्षांच्या परंपरेचा कितीही उल्लेख असो, लेबलवर एक ओळ छापावीच लागते: औषधी वापरासाठी नाही.